अख्ख्या गावाची साक्ष

"शेडगेसाहेब कुठं राहतात हो?" असं कुणीतरी माझ्या डोक्यावरून विचारलं, तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे उकिडवा बसलो होतो. अंगात लेंगा-बनियन, कानाला मफलर आणि हातात टॉर्च. चांगलं उजाडलं होतं, टॉर्चची काही गरज नव्हती. पण हातात काहीतरी असल्याशिवाय मला तपास केल्यासारखं वाटत नाही.

"मीच शेडगे," मी कुजबुजलो. "हळू बोला. फुलं चोरणारा यायची वेळ झालीय."

पोलिसात उभं आयुष्य काढून, त्यातही गुन्हे शाखेत कॉलर ताठ करून फिरून, निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला हा जास्वंदीचा चोर आला होता. सोसायटीच्या सेक्रेटरीनं मोठ्या विश्वासानं काम सोपवलं होतं आणि मी आठवडाभर त्याला 'धागेदोरे मिळताहेत' असं सांगत होतो.

समोर पंचविशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, प्रवासानं चुरगळलेला ड्रेस. ती म्हणाली, "फुलं तर आत्ताच एक बाई तोडून घेऊन गेल्या. हिरव्या साडीतल्या. दुसऱ्या मजल्यावर गेल्या."

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एकच बाई राहते आणि ती माझी बायको आहे. ती केस मी तिथल्या तिथं बंद केली.

वर आल्यावर विमलनं तिला चहा दिला. देवापुढे ताजी जास्वंद होती. मी तिकडे पाहायचं टाळलं.

"मी हर्षदा मालंडकर," मुलगी म्हणाली. "चिरवण्याची. भिकाजी मालंडकरांची मुलगी."

माझा चहा बशीत सांडला. चिरवणे हे मालवणकडचं गाव. मी घाटावरचा, फलटणचा माणूस. नवा नवा फौजदार होऊन तिकडे गेलो आणि नोकरीतला पहिला खून मला त्या गावात मिळाला. 'मिळाला' म्हणायचं कारण मी तेव्हा अगदी खूश झालो होतो. वासुदेव मालंडकर नावाचा तरणाबांड, बिनलग्नाचा माणूस डोकं फुटून स्वतःच्याच परसात पडलेला सापडला. शेजारीच त्याच्या थोरल्या भावाचं, भिकाजीचं घर. दोघांच्या मध्ये गडगा, म्हणजे चिऱ्यांची हद्दीची भिंत, आणि त्या गडग्यावरून दोघांचं भांडण गावाला ठाऊक. प्रेताजवळ पहिला पोचला तो भिकाजी. मला आणखी काय हवं होतं? मी त्याला उचलला. तो वर्षभर सावंतवाडीच्या तुरुंगात राहिला आणि मग कोर्टानं सोडला.

"कसं सोडलं ते माहितीय ना?" हर्षदा म्हणाली. "पुराव्याअभावी. मी चार वर्षांची होते तेव्हा. शाळेत पोरं मला 'पुराव्याअभावी' म्हणून हाक मारायची. तीन ठिकाणी लग्न ठरत आलं आणि मोडलं. आता देवगडचा एक मुलगा आहे. मला आवडतो. त्याचे वडील म्हणतात, खून कुणी केला ते एकदा कळू दे, मग बोलू. बाबा म्हणतात, जांव दे. मी नाही जाऊ देणार."

"पण पोरी, मी आता रिटायर झालोय."

"म्हणूनच आले. तुम्हाला दुसरं काम नाही." तिनं कप खाली ठेवला. "बाबांनी केलं असेल तर तसं सिद्ध करा. नसेल तर ज्यानं केलं त्याला शोधा. पण त्यांना असं मधे लोंबकळत ठेवू नका."

मी आधारासाठी विमलकडे पाहिलं. "जा की," ती म्हणाली. "इथला चोर तर सापडला."

निवृत्त अधिकाऱ्याचा तपास म्हणजे वरातीमागून घोडं. त्याला ना कुणाला बोलावता येतं, ना कुणावर डोळे वटारता येतात. मी चिरवण्याला पोचलो तो थेट भिकाजीच्याच घरी उतरलो, कारण गावात लॉज नव्हतं. ज्याला मी हातकड्या घातल्या होत्या त्यानं माझी पिशवी उचलून आत नेली.

"येवा सायबानू," तो म्हणाला. "जेवणात मासे चलतत ना?"

बस्स. एवढंच. ना राग, ना टोमणा. सडपातळ, पांढऱ्या मिशांचा, फार कमी बोलणारा माणूस. बायको मागेच वारलेली. मी रात्री दाराला आतून कडी घातली आणि सकाळी त्यानंच चहासाठी दार वाजवल्यावर ओशाळलो.

गावात मी चार दिवस फिरलो. एक गोष्ट माझ्या तीक्ष्ण नजरेतून सुटली नाही. भिकाजी कुठंही गेला की लोक उठून जागा देत. मासे आले की चांगला वाटा आधी त्याच्या घरी जाई. त्याच्या शेतात राबायला न बोलावता माणसं येत. आणि त्याच्याशी बोलताना सगळे खाली बघत. मी मनात नोंद केली : गाव या माणसाला घाबरतं. खुनी असल्याशिवाय इतकी दहशत बसत नाही. ही नोंद करताना मला स्वतःचा अभिमान वाटला, हे सांगायला आज लाज वाटते.

पाचव्या दिवशी गावपळण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिरवण्यात तीन-चार वर्षांनी एकदा, देवानं कौल दिला की अख्खा गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळं. तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. वेशीबाहेर माळावर झावळ्यांच्या राहुट्या घालायच्या आणि तिथंच रांधायचं, खायचं, गायचं. त्या तीन दिवसांत गाव देवाचा. आत कुणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर पळण मोडली आणि गावावर काय कोसळेल ते सांगता येत नाही. वासू मेला ती अशीच एक गावपळण होती. म्हणजे गाव परत आल्यावर, सगळे देवळात असताना, तासाभरात त्याचा खून झाला, असं माझ्या तपासात निष्पन्न झालं होतं. वासू आमच्याबरोबर परत आला, डोक्यावर ट्रंक घेऊन आला, वेशीपाशी त्यानं विडी ओढली, असं मला गावातल्या प्रत्येक माणसानं सांगितलं होतं. मालवणचा म्हातारा डॉक्टर तेवढा म्हणत होता, की मरून दीड दिवस झालाय, लागताक्षणी गेलाय. मी त्याला म्हटलं, डॉक्टर, एवढी माणसं खोटं बोलतात आणि तुम्ही एकटे खरे? तो बिचारा गप्प बसला.

मीही या खेपेला गावाबरोबर निघालो. नगारा वाजला तशी एकच धांदल उडाली. हर्षदानं शेळी ओढली, भिकाजीनं भांडी उचलली आणि मला 'सायबानू, चला चला' करत लोकांनी जवळजवळ उचलूनच नेलं. वेशीबाहेर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझी दाताची कवळी भिकाजीच्या घरात खिडकीत पाण्याच्या पेल्यात राहिली.

तुम्ही हसाल. पण माळावर तीन दिवस मेजवानी असते हो! गावठी कोंबड्याची सागोती, म्हणजे झणझणीत रस्सा, सोबत वडे, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं. आणि मी हर्षदानं दिलेली पेज पीत बसलो होतो. पहिला दिवस मी नेटानं काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या राहुटीत सुरमई तळायला घेतली आणि माझा संयम सुटला.

"घाडीमामा," मी गावच्या मानकऱ्याला, अर्जुन घाडींना विचारलं, "मी बाहेरचा माणूस. पटकन जाऊन दात घेऊन आलो तर चालेल?"

मानकरी म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालणारा, गावाच्या वतीनं बोलणारा. पळणीच्या वेळी तोच गावाचा राजा. घाडीमामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "सायबानू, देवाक भायरचो-घरचो कळना नाय. पेज बरी असता पोटाक."

जेवून सगळे आडवे झाले. मी शौचाला जातोसं दाखवून व्हाळ, म्हणजे तिथला ओढा, ओलांडला आणि गावात शिरलो. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी दबकत गेलोय, पण असा कधी नाही. कुठं कोंबडं नाही, कुठं धूर नाही, कुणाचा खोकला नाही. माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटला, म्हणून मी त्या काढून हातात घेतल्या. भिकाजीच्या घरात शिरलो, कवळी तोंडात बसवली आणि त्याच पावली मागे फिरलो.

व्हाळापाशी आलो आणि समोर घाडीमामा. हातात तांब्या. पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या तीन बायका आणि बैल धुणारा एक गडी. पाचही जणांनी मला डोळे भरून पाहिलं. मी दात काढून हसलो. दुसरं काय करणार? कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम मान फिरवली.

संध्याकाळी मी बेचैन झालो. कायद्याचा माणूस आहे मी, गुन्हा पचत नाही. शेकोटीभोवती सगळे बसले असताना मी उभा राहिलो आणि म्हटलं, "मंडळी, माझं चुकलं. दुपारी मी गावात जाऊन आलो. काय दंड असेल तो भरतो."

घाडीमामांनी शेकोटीत एक लाकूड सारलं.

"खंय गेलास?" घाडीमामा म्हणाले. "तुमी तर दुपारभर हयसरच होतास."

"अहो, तुम्हीच मला व्हाळापाशी बघितलंत!"

"मी? मी तर तुमच्यावांगडा पत्ते खेळत होतंय."

"व्हय तर," बैलवाला म्हणाला. "सायब तीन डाव हरले."

"मगे झोपले," कपडे वाळत घालणारी बाई म्हणाली. "केवढ्यान घोरत होते! माझा नातू घाबरला."

"उठान चाय मागितली. मीयाच दिलंय. साखर कमी होती म्हणाले."

प्रत्येकजण काहीतरी भर घालत गेला. दुपारी मी कुठल्या कुशीवर झोपलो होतो, डोक्याखाली काय होतं, कुठला पत्ता टाकून हरलो, सगळं. दहा मिनिटांत मलाच वाटायला लागलं, की मी चांगला झोपलो होतो. आणि कुणाच्याही चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ते मला वाचवत नव्हते. माझ्याशी त्यांना काही देणंघेणंच नव्हतं. ते पळण वाचवत होते. मी गेलो असं कुणी म्हटलं असतं तर ती मोडली असती. कुणी पाहिलंच नाही तर काही झालंच नाही.

साखर कमी होती म्हणाले. वेशीपाशी विडी ओढली.

एवढ्या नोकरीत मी दोन सख्ख्या भावांची साक्ष कधी जुळलेली पाहिली नव्हती. आणि इथं अख्खा गाव एका सुरात बोलत होता, तर मी खूश होऊन लिहून घेत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर चोर नव्हताच तिथं संन्याशाला पकडून बसलो होतो.

मी भिकाजीला राहुटीच्या मागे नेलं. हर्षदाही आली. तिला थांब म्हटलं तर ती म्हणाली, "केस माझी आहे."

"भिकाजी," मी म्हटलं, "वासू तुमच्याबरोबर परत आलाच नव्हता. तो आधीच आत मेलेला होता. तुम्ही बाहेर असताना."

तो राहुटीची सुटलेली झावळी बांधायला लागला.

"म्हणजे तुम्हालाच काय, गावात कुणालाच त्याला मारता आलं नसतं. आणि हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही कोर्टात का बोलला नाहीत?"

"बोललंय आसतंय तर वाश्यान पळण मोडल्यान आसा झाला आसता," तो म्हणाला. "मेल्या मानसाचा नाव कित्याक खराब करूचा? वरसाक साथ येवंदे, पावस नसांदे, बोट त्याच्याकडेच जाताला."

"तो आत गेला कशाला? गडगा सरकवायला?"

भिकाजीनं पहिल्यांदा माझ्याकडे रागानं पाहिलं. "गडग्यासाठी भांडू आमी सकाळी, आणि रातीक एका ताटात जेवू. तुमका ता कधी कळलाच नाय."

मग त्यानं लेकीकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी बरीच वर्षं लोकांच्या नजरा वाचून पोट भरलंय, पण हर्षदाला माझ्या आधी समजलं.

"बाबा, कशाक गेल्लो काका?"

"तुका ताप इल्लो," तो म्हणाला. "अंग भाजत होता तुजा. डाक्टरान दिलेली बाटली घराकडे रवली. मी उठलंय तर वासू म्हणालो, तू बस, तुजो जीव थाऱ्यार नाय. आत्ता जातंय नि येतंय. मागल्यान गडग्यार चडलो आसतलो. चिरो सुटलो. आमका मेलो तो दिसलो परत गेल्यार. त्याच्या हातात बाटली होती, ती तुमी येवच्या आदी मीच काडून घेतलंय. ती फुटाक नाय."

"आणि तो आला नाही तेव्हा?"

"माका जावचा होता. घाडीच्या बापाशीन आणि चवघांनी धरून ठेवलो. एकान मोडलीहा, आणखी नको, म्हणाले." त्यानं हाताच्या पाठीनं मिशा पुसल्या. "डाक्टर म्हणालो ना सायबानू, लागताक्षणी गेलो म्हणान? तुमी तेचा खोटा ठरवलास. मी मात्र तेवढ्यार जगलंय."

मला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. हर्षदा रडली नाही. ती बापाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मी बोलतलंय."

"नको बाये."

"काका माझ्यासाठी गेलो. त्येच्या नावाचा काय ता मी बघीन. तुमी किती बघतलास?"

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव वेशीवरच्या देवाच्या पाषाणापुढे जमला. परत जायचा कौल घ्यायचा होता. पाषाण ओला करून त्यावर फुलं चिकटवतात. उजवीकडचं पडलं तर होकार. सामान बांधून झालं होतं, गुरं हंबरत होती, पोरं घरी जायला उतावीळ झाली होती. घाडीमामा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, तोच हर्षदा पुढे झाली.

"मामानू, त्या खेपेची पळण मोडली होती," ती म्हणाली. "वासूकाका आत गेलो. माझ्यासाठी. तुमका सगळ्यांका म्हायत आसा. आज देवाक सांगा."

हिनं एकदा तोंडातून काढलं होतं. आता गाव 'नाही' म्हणालं असतं, तर ती खुन्याची पोर राहिलीच असती आणि वर देवाशी खोटं बोललेली ठरली असती. मी मधे पडून माझ्याही परवा दुपारच्या पराक्रमाची कबुली देऊ केली. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

घाडीमामांनी पाषाणावर पुन्हा पाणी शिंपडलं. मग त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, "त्या वरसाक वासुदेव मालंडकर पळणीत गावात गेलो, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला गावानं साथ द्यायची असते.

"व्हय म्हाराजा," मागून एक म्हातारी म्हणाली. एकटीच.

"लेकराच्या औषधासाठी गेलो आणि थंयसरच मेलो, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आता पाच-पन्नास गळे.

"भिकाजी मालंडकर तेवा आमच्यात भायर होतो. तेच्यार खोटो आळ इलो. आमका म्हायत होता आणि आमी गप रवलांव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ बोलला. बायका पदर डोळ्यांना लावून बोलल्या. बैलवाला बोलला. तेव्हा जन्मालाही न आलेली पोरं बोलली. मीही बोललो. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात खरी साक्ष होती आणि ती घ्यायला मला काही अधिकार नव्हता. पुढे याच माणसांनी मालवणला जाऊन जबाब दिले, कोर्टाचा कागद यायला दोन वर्षं गेली. देवगडच्या मुलानं कागदाची वाट पाहिली नाही, हे त्याचं चांगलं. पण मला आठवते ती सकाळच.

घाडीमामांनी देवाला विचारलं, मोडलेल्या पळणीचं प्रायश्चित्त काय? आजवर कुणी विचारलंच नव्हतं, कारण मोडली असं कुणी कबूलच केलं नव्हतं. गाव उठवायचा? बकरे द्यायचे? मानकऱ्याची गादी सोडायची? एकेक फूल डावीकडून पडत गेलं. लोकांचे चेहरे उतरत चालले.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी तीन राती भायर काढल्यार पुरवता, म्हाराजा?"

उजवीकडचं फूल पडलं.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणी हसलंसुद्धा. बायका पुन्हा चुली मांडायला निघाल्या, बांधलेली गाठोडी सुटायला लागली. भिकाजी मात्र जागचा हलला नाही. घाडीमामा त्याच्याजवळ आले, त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"किती म्हणालो देव?" भिकाजीनं विचारलं. त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

"तीन राती, भिका."

भिकाजीनं एकदा घाडीमामांकडे पाहिलं, एकदा राहुट्यांकडे.

"तीनच?" तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो सगळ्या गावासमोर मोठ्यानं रडला.